तो कसा येतो

विशेषणाला एल-वाय लावून क्रियाविशेषण करायचा धडा मला कधीच आवडला नाही. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. मुलं रांगेनं म्हणतात, पेपरात गुण मिळवतात आणि विसरून जातात. मूल गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतकी वर्षं इंग्रजी शिकवते आहे, पण हा धडा मी नेहमी तासाच्या शेवटी उरकून टाकत आले. एकदाच तो मन लावून शिकवला. आता तो आला की मी फळ्याकडे तोंड करून जरा वेळ तशीच उभी राहते. मुलांना वाटतं, मॅडम उदाहरण शोधून राहिल्या आहेत.

पावसाळ्यात आमच्याकडे जंगलाची गेटं बंद असतात. पर्यटक नसतात, सफारीच्या जिप्सी गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात, आणि एरवी खाकी कपडे घालून फिरणारे गाईड आपापल्या धानाच्या बांधीत रोवण्याला, म्हणजे लावणीला, लागलेले असतात. त्या वर्षी एका गेटवरच्या मंडळींनी ठरवलं, की पुढच्या हंगामापासून गाईडला इंग्रजी बोलता आलंच पाहिजे. गेट उघडायच्या आधी शहरातून परीक्षक येणार, जिप्सीत बसून आत जंगलातच परीक्षा घेणार, आणि जो पास होईल त्याचीच पाळी लागणार. मग कोणीतरी माझं नाव सुचवलं. शिकवणीला मी सहसा नाही म्हणते, पण पावसाळ्यातल्या दुपारी घरी बसून तरी काय करणार, म्हणून हो म्हटलं.

जंगलाला टेकून असलेल्या एका गावात, शाळा सुटल्यावर एका खोलीत आमचा वर्ग भरायचा. बहुतेक पुरुष, दोन-तीन बाया. सगळे रोवणा सोडून थेट यायचे. पायाला वाळलेला चिखल, हाताची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. बाकं दुसरी-तिसरीच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे मोठाल्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागायचे. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, इंग्रजी कशाला शिकायचं? बहुतेकांनी मला बरं वाटेल अशी उत्तरं दिली. एकीनं दिलं नाही.

"मिरचीले जायाचं नाई म्हणून," ती म्हणाली.

तिशीची असेल. शेजारच्याच वनगावातली, नवरा-सासूसोबत राहणारी. तिचं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही. धान निघालं की आमच्या भागातल्या बाया टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला जातात. दिवसभर तोडून हात असे पेटतात की रात्री पाण्यात बुडवून झोपावं लागतं. लेकरं सोबत जातात आणि त्यांची शाळा उन्हाळ्यापर्यंत बुडते. गाईडचं काम मिळाल्यापासून ती दोन हंगाम मिरचीला गेली नव्हती. तिची मुलगी याच शाळेत दुसरीत होती आणि आम्ही बसायचो त्याच खोलीत सकाळी बसायची. "हे बाक माह्या पोरीचं आहे," असं सांगून ती रोज त्याच बाकावर बसायची. त्यावर दुसरं कोणी बसलं तर उठवायची.

मी तिला गरीब बिचारी वगैरे समजायची चूक पहिल्याच आठवड्यात सोडून दिली. जिभेला फार धार होती तिच्या. वर्गात एक वयस्कर गाईड होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. क्रियाविशेषणं सुरू झाली तेव्हा भाऊंनी हार्डचं हार्डली करून टाकलं आणि छाती काढून म्हणाले, "आय वर्क हार्डली." मी सांगितलं, भाऊ, याचा अर्थ तुम्ही काम जवळजवळ करतच नाही असा होतो.

"मंग भाऊ खरंच बोलून राह्यले, मॅडम," ती मागून म्हणाली. "तुम्ही चूक काऊन म्हणता?"

भाऊ सगळ्यांच्या आधी हसले. माझ्या कॉलेजात असं हसू कधी ऐकू आलं नाही, आणि त्या दिवशी मला माझ्या कॉलेजातल्या तासांची थोडी लाज वाटली.

क्रियाविशेषणं त्या लोकांना आवडली, कारण त्यांचं कामच त्यावर चालतं. पर्यटकाला सांगायचं काय, तर कसं बसा, कसं बोला, कसं पहा. सिट क्वायटली. स्पीक सॉफ्टली. टर्न स्लोली. गुड असेल तर वेल होतं आणि फास्ट फास्टच राहतं, याबद्दल त्यांनी माझ्याशी फारशी हुज्जत घातली नाही. जंगलात सगळी जनावरं एका नियमानं वागत नाहीत, तसंच हे, असं भाऊंनी स्वतःच ठरवून टाकलं. मग मी एक खेळ काढला. एकानं उठून एखाद्या जनावराची चाल चालून दाखवायची आणि बाकीच्यांनी ते कसं चालतं ते इंग्रजीत सांगायचं.

यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. खांदे वर काढून ती रानगवा झाली की सगळे "प्राउडली" ओरडायचे. अस्वल झाली की "लेझीली". एके दिवशी तिनं साडीचा पदर कमरेला खोचला आणि भिंतीकडून निघाली. मान खाली, पाऊल आधी टेकून मग वजन टाकायचं, कोणाकडे पाहायचं नाही. खोलीतला आवाज बंद झाला. शाळेच्या पत्र्यावर पाऊस पडत होता तेवढाच. भाऊ हळूच म्हणाले, "मामा."

"हाऊ इज ही वॉकिंग?" मी विचारलं.

"स्लोली," कोणी म्हणालं. "सायलेंटली," दुसरं कोणी. ती स्वतः म्हणाली, "केअरलेसली."

केअरलेसली कसं, म्हटलं. तर म्हणाली, "त्याले कोणाची फिकीर आहे?" मग मी तिला फिअरलेसली शिकवलं. तो शब्द तिनं दोन-तीनदा मनाशी म्हणून पाहिला.

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्याच दुपारी सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं. वाघाची चाल होती, कशी होती ते शब्द होते, फक्त नाव नव्हतं. पण मला ते खेळाचाच भाग वाटलं. आमच्याकडे रानात वाघाचं नाव घेत नाहीत हे मला काही नवीन नव्हतं. माझे वडील ब्रह्मपुरीकडे बांबूच्या कामावर जायचे. घरी ते वाघ म्हणायचे आणि रानात जनावर. नाव घेतलं म्हणजे हाक मारली, आणि हाक मारली की तो येतो. ती वर्गात तक्त्यावरचं टायगर घडाघडा वाचायची. शाळेचं फाटक ओलांडून आम्ही एस.टी.च्या थांब्याकडे निघालो की तिच्या तोंडी मामा यायचा. गावापासून रस्ता लगेच सागाच्या झाडांत शिरतो.

एकदा थांब्यावर उभे असताना भाऊंनी तिला यावरून छेडलं. ते म्हणाले, आम्ही तर गाडीत बिनधास्त टायगर म्हणतो. मराठीत म्हणायचं नाही, एवढंच. इंग्रजी त्याले कुठी समजते?

"कमाल करता, भाऊ," ती म्हणाली. "इतके साल लोकं गाड्यात बसून त्याले टायगर टायगर म्हणून राह्यले. आतापर्यंत त्याले आपलं नाव समजलं नसन का?"

आम्ही सगळे हसलो. एस.टी. आली, मी चढले, खिडकीतून पाहिलं तर ते अजून हसतच होते. ती गोष्ट अशी हसण्यावारी गेली.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळीच गेटवर जाऊन बसले. काही कारण नव्हतं, पण घरी करमेना. पाऊस उघडला होता, वाटा अजून ओल्या होत्या. परीक्षक साधे गृहस्थ होते. पुढे लिहिणार आहे त्यावरून कोणी त्यांना खलनायक समजू नये. माझ्याशी चांगलं बोलले, वर्गाबद्दल विचारलं, आणि दोघादोघांना जिप्सीत घेऊन आत जाऊ लागले. तिची पाळी भाऊंसोबत आली. तिनं खाकी शर्ट कडक इस्त्री केला होता. निघताना मला म्हणाली, "मॅडम, आय विल स्पीक सॉफ्टली." एरवी कधी सॉफ्टली बोलत नाहीस, म्हटलं, आज बोल.

आत जे झालं ते मला भाऊंनी सांगितलं. एका पाणवठ्याजवळ वाघाची चाहूल लागल्यासारखं वानर खाकरलं आणि तिनं गाडी थांबवायला लावली. परीक्षकांना काहीच दिसत नव्हतं. ती हळू उभी राहिली आणि इंग्रजीत बोलू लागली. सर, सिट क्वायटली. लुक केअरफुली, लेफ्ट साइड. ही इज कमिंग स्लोली. व्हेरी स्लोली. बांबूतून तो खरोखरच निघाला. नाऊ ही इज लुकिंग डायरेक्टली. भाऊ म्हणाले, मॅडम, तुम्ही असत्या तं रडल्या असत्या, असं बोलून राह्यली होती.

परीक्षक खूश झाले असणार. पण त्यांच्या कागदावर जनावराचं नाव सांगण्याला वेगळे गुण होते, म्हणून त्यांनी विचारलं, "हू इज कमिंग?"

"ही," ती म्हणाली.

त्यांना वाटलं, शब्द आठवत नसेल. "नेम द ॲनिमल," ते जरा मोठ्यानं म्हणाले. तिनं तोंडावर बोट ठेवलं. "सर, प्लीज स्पीक सॉफ्टली." त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती गप्प राहिली. वाघ रस्ता ओलांडून निघून गेला. गाडी पुढे निघाल्यावर भाऊंनी मधे पडून सांगायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्याच्या परीक्षेत बोलायचं नाही असं त्यांना बजावलं गेलं. मग ते स्वतःच्या पाळीत टायगर, टायगर म्हणत राहिले, दिसत नसतानाही, आणि पास झाले. हे सांगताना त्यांची मान वर होत नव्हती.

गेटवरच्या ऑफिसात मी परीक्षकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, बाईचं इंग्रजी सगळ्यात चांगलं आहे. पण पाहुण्यांना जनावर कोणतं ते नाही सांगितलं तर गाईड कसला?" मी म्हटलं, तिला शब्द येतो हो, फक्त रानात म्हणायचा नाही तिला. ते म्हणाले, ठीक आहे, मग इथे म्हणू द्या. भिंतीवर वाघाचा मोठा फोटो होता. तो दाखवून म्हणाले, बोलवा तिला, एवढं नाव सांगू दे, मी गुण देतो. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळतच बाहेर गेले.

ती आली आणि उंबऱ्यातच थांबली. ते ऑफिस अडसराच्या आतल्या बाजूला आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रस्त्यावर आडवा पडणारा तो लाल-पांढरा दांडा ओलांडला की जंगल सुरू. ऑफिसच्या खिडकीतून ऐनाची झाडं दिसत होती.

तिनं फोटो पाहिला. मग परीक्षकांना म्हणाली, "सर, तो फोटो दांड्याच्या पलीकडे आणा. रस्त्यावर मी पाह्यजे तितक्या वेळा नाव सांगीन."

परीक्षकांना वाटलं, बाई आपली थट्टा करून राहिली. त्यांचा चेहरा बदलला. मी म्हटलं, एक मिनिट, आणि खुर्चीवर चढून तो फोटो काढायला लागले. पन्नाशीची बाई, साडी सावरत, वाघाच्या दोन्ही कानांना धरून ओढते आहे. फोटो हलेना. चौकट स्क्रूनं भिंतीत पक्की बसवलेली होती. "मॅडम, काय करता हे?" परीक्षक म्हणाले. ड्रायव्हरनं बाहेरून आवाज दिला, दुसऱ्या गेटवर त्यांना उशीर होत होता. त्यांनी कागद गोळा केले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू.

गाडी गेल्यावर आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसलो. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला होता. मी म्हटलं, एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं असतंस तर काय झालं असतं? मुलीचा तरी विचार करायचा.

"मॅडम, चैतात सासू याच रानात मोहफुलं वेचते," ती म्हणाली. "अंधारात जाते, एकटी. तिची बहीण इथूनच गेली, मामाच्या तोंडी. मी त्याले इथी हाक मारू? माह्या नोकरीसाठी?"

  ती उठली, शर्टावरची माती झटकली आणि मलाच म्हणाली, "चला, तुमची एस.टी. जाईन."

एस.टी. अर्ध्या वाटेवर आली तेव्हा तिकिटाचे सुटे काढायला मी पर्स उघडली आणि मोबाइल हाताला लागला. त्यात वाघाचे फोटो होते, वर्गासाठी मीच जमवून ठेवलेले. परीक्षकांना दांड्यापलीकडे चार पावलं नेऊन मोबाइलवरचा एक फोटो दाखवला असता तर झालं असतं. मी भिंतीवरची चौकट उपटत बसले. कंडक्टर सुटे मागत उभा होता आणि मी तशीच पाहत होते. परत जाऊन उपयोग नव्हता, परीक्षकांची गाडी केव्हाच गेली होती. नंतर मी गेटवर खेटे घातले, फोनही केले. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी पुढच्या वर्षीचंच सांगितलं. त्या मोबाइलची हळहळ माझ्या मनातून अजून जात नाही. मोठी चूक झाली असती तर कदाचित मी स्वतःला समजावलं असतं. ही इतकी छोटी आहे की समजूत घालायला जागाच उरत नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर ती मला मूलच्या बसस्टँडवर दिसली. बायांची टोळी जीपची वाट पाहत होती. डोक्यावर गाठोडी, हातात पाण्याच्या कॅन. सासू मागे राहिली होती, पण मुलगी सोबत होती. पोरीच्या पाठीवर शाळेचं दफ्तर होतं. मला क्षणभर बरं वाटलं, म्हणून विचारलं, पुस्तकं घेतलीस का गं?

"कपडे आहेत त्यात," ती म्हणाली. "दुसरी पिशवी नवती घरी."

जीप आली. बाया चढल्या, पोरीला वरच्या वर आत घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनंच माझी सुटका केली. "मॅडम, आता क्विकली क्विकली तोडावं लागन," ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. मी स्टँडशेजारच्या राइस मिलच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि जीप वळेपर्यंत हात हलवत राहिले.

महिनाभरानं एका दुपारी तिचा फोन आला. जेवणाची सुट्टी असावी. मागे बायांचे आवाज होते, कोणी तेलुगूत काही सांगत होतं. हात कसे आहेत, म्हटलं. पेटून राह्यले, म्हणाली. पोरगी कशी आहे? मिरच्या वाळवायच्या तिथी राखण बसते, म्हणाली. डोळ्याले हात लावायचा नाई, एवढं शिकली.  

"मॅडम," ती म्हणाली, "आता विचारा."

"काय विचारू?"

"त्या साहेबानं विचारलं होतं ते."

मला समजायला जरा वेळ लागला. स्टाफरूममध्ये आणखी लोक बसले होते, तरी मी उठून खिडकीशी गेले आणि विचारलं, "हू इज कमिंग स्लोली?"

"टायगर," ती म्हणाली. मोठ्यानं, स्वच्छ. मग आणखी मोठ्यानं, "टायगर, मॅडम. टायगर." तिकडे बाया हसायला लागल्या, आणि त्यांत एका लहान पोरीचा आवाजही ओरडत होता, टायगर, टायगर.

"इथी रान नाई," ती म्हणाली. "सारी मिरचीच मिरची आहे. इथी कितीबी वेळा म्हणा, कोणी येत नाई."

मी म्हटलं, "करेक्ट."